पॅनल वायरिंग आणि मशीन असेंब्लीची नोकरी: कागदपत्रांपासून ट्रेड टेस्टपर्यंत काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

मी बारा वर्षं चाकण-भोसरी पट्ट्यात कंट्रोल पॅनल आणि एसपीएमच्या (एकाच ठराविक कामासाठी बनवलेल्या खास मशीनच्या) असेंब्लीत काम करतोय, आणि त्यातली शेवटची काही वर्षं नवीन पोरापोरींची ट्रेड टेस्ट, म्हणजे हाताने काम करून दाखवायची परीक्षा, घ्यायचं कामही माझ्याकडे आहे. दर भरतीला तेच बघून जीव हळहळतो. हाताला कला असते, मार्क बरे असतात, पण क्रम सगळा उलटा. आधी पन्नास ठिकाणी अर्ज टाकायचे, कॉल आला की मार्कशीट शोधायला लागायचं, गेटवर पोचल्यावर कळणार की आधारवर आडनाव वेगळं पडलंय, आणि टेस्टच्या टेबलावर ड्रॉइंग न बघताच वायर कापायला सुरुवात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, लांबून एसटीने येऊन रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. क्रम पाळा, एकही टप्पा गाळू नका.

टप्पा 1: आधी ठरवा, नेमकं कुठलं काम हवंय

जाहिरातीत "इलेक्ट्रो-मेकॅनिकल असेंब्ली" एवढंच लिहितात पण त्यात वेगवेगळी कामं येतात. पॅनल वायरिंग म्हणजे डिन रेलवर (पॅनलमधल्या धातूच्या पट्टीवर) एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच), कॉन्टॅक्टर (कॉईलला व्होल्टेज मिळालं की मोटरचा सप्लाय जोडणारा स्विच), रिले (तसाच छोटा स्विच) बसवून ड्रॉइंगप्रमाणे वायर ओढणे. मशीन असेंब्ली म्हणजे फिटरचं काम अधिक न्यूमॅटिक (दाबाच्या हवेचं) पायपिंग अधिक सेन्सर आणि मोटरच्या केबल. स्विचगिअर असेंब्लीत ब्रेकरची मेकॅनिझम जोडायची असते, स्प्रिंग, लिंक, बसबार (करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्या), सगळं ठरलेल्या टॉर्कला आवळून. हार्नेसचं (वायरचे तयार जुडगे बांधायचं) काम बसून असतं, बारीक असतं आणि त्यात मुली खूप चांगलं काम करतात. टेस्टिंग आणि कमिशनिंग (मशीन जागेवर चालू करून देणं) शेवटी, तिथे फ्रेशरला सहसा लगेच घेत नाहीत.

इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक वाल्यांनी पॅनल आणि हार्नेस आधी धरावं, फिटरने मशीन असेंब्ली किंवा स्विचगिअर, मेकॅट्रॉनिक्सवाल्यांना दोन्हीकडे दार उघडं आहे. जागेचंही बघा. स्विचगिअर म्हटलं की नाशिकचा सातपूर-अंबड पट्टा, एसपीएम आणि ऑटोमेशन म्हटलं की भोसरी-चाकण, त्याशिवाय संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा, गोव्यात वेर्णा. घरापासून लांब जाणार असाल तर रूमचं भाडं पगारातून वजा करून मगच हिशोब मांडा, हे पोरं करत नाहीत आणि दोन महिन्यांत परत येतात.

टप्पा 2: कागदपत्रं, अर्जाच्या आधी

हा कंटाळवाणा टप्पा आहे पण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं एनसीव्हीटी (राष्ट्रीय पातळीचं ट्रेड) सर्टिफिकेट किंवा डिप्लोमाची सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट, आधार, पॅन, बँक पासबुक, हे सगळं समोर ठेवा आणि नाव एक-एक अक्षर करून जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे फक्त इनिशियल असतं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडलेला असतो, लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावावर आणि मार्कशीट माहेरच्या. हे आज चालून जातं, पण पीएफचा यूएएन (कायमचा खाते नंबर) काढताना अडकतं.

दुरुस्ती करायची तर दहावीचं मार्कशीट आधार धरून बाकीचं त्याप्रमाणे करून घ्या, कारण बोर्डाच्या कागदात बदल करणं सगळ्यात अवघड.

बँक खातं आधारशी जोडलेलं हवं आणि त्यावर डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात यायची सोय) चालू हवी, बँकेत जाऊन तसं विचारा. नुसतं आधार दिलंय म्हणजे डीबीटी चालू आहे असं नसतं. अप्रेंटिसला शासनाच्या वाट्याचे पैसे त्याच मार्गाने येतात आणि खातं बरोबर नसेल तर महिनोन्‌महिने अडकून पडतात.

तपासा: सगळ्या कागदांचं स्वच्छ स्कॅन पीडीएफमध्ये मोबाईलवर आणि मेलवर, दोन झेरॉक्स सेट फाईलमध्ये, आठ-दहा पासपोर्ट फोटो. मोबाईल नंबर आधारला लिंक आहे ना आणि तो चालू आहे ना, ओटीपी त्यावरच येणार आहे.

टप्पा 3: हात बसवा, कमीत कमी तीन आठवडे

आयटीआयमध्ये प्रॅक्टिकल झालं असेल, पण एका बेंचवर पाच-सहा जण असतील तर तुमच्या हाताने किती वायर क्रिम्प झाल्या (वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवणं) ते तुम्हालाच माहीत. तीन जुने कॉन्टॅक्टर, एक ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला तर कंट्रोल तोडणारा), हिरवं-लाल पुश बटन आणि थोडी वायर जमवा. ओळखीचा पॅनलवाला असेल तर स्क्रॅपमधलं देईल, नाहीतर जुन्या बाजारात बघा. कॉन्टॅक्टर 24 व्होल्ट डीसी कॉईलचे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

सावधान: घरी थ्री फेजवर किंवा 230 व्होल्टवर प्रॅक्टिस करायची नाही, म्हणजे नाही. 24 व्होल्टच्या एसएमपीएसवर (230 एसीचं 24 डीसी करून देणाऱ्या पॉवर सप्लायवर) कंट्रोल सर्किट पूर्ण शिकता येतं. एसएमपीएसची 230 ची बाजू कुणा जाणत्या माणसाकडून झाकून बंद करून घ्या.

रोज काय करायचं ते सांगतो. पहिला आठवडा फक्त स्ट्रिपिंग आणि क्रिम्पिंग. 0.75, 1.5 आणि 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, पिन लग, फोर्क, रिंग. इन्सुलेशन काढताना आतली एकही तार तुटता कामा नये, तुटली तर ते टोक कापून टाका आणि परत सोला. लगच्या बाहेर केसासारखी एखादी तार आलेली दिसली तर मी त्या वायरपाशीच थांबतो, कारण तीच तार उद्या शेजारच्या टर्मिनलला लागते. क्रिम्प झाल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघायची सवय लावा.

दुसऱ्या आठवड्यात डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा), न बघता, कागदावर काढून आणि मग जोडून. तिसऱ्या आठवड्यात रिव्हर्स-फॉरवर्ड आणि स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा). स्टार-डेल्टाला इंटरलॉक का लागतो हे समजून घ्या, पाठ करू नका: स्टार आणि डेल्टा दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज सरळ शॉर्ट होतात. म्हणून एकाचा एनसी (एरवी जोडलेला, कॉन्टॅक्टर ओढला की सुटणारा कॉन्टॅक्ट) दुसऱ्याच्या कॉईलच्या मार्गात टाकतात.

मेकॅनिकल बाजूवाल्यांनी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर रोज हातात घ्यावा. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01 मिमी, आणि माप घ्यायच्या आधी झिरो एरर बघायची. टॅपिंगचे ड्रिल तोंडपाठ हवेत: एम6 ला 5, एम8 ला 6.8, एम10 ला 8.5. बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब इनर रेसवर द्यायचा, हाउसिंगमध्ये बसवताना आऊटर रेसवर, आणि हातोडी थेट बेअरिंगवर कधीच मारायची नाही. फ्लँजचे बोल्ट समोरासमोर आवळायचे, एका बाजूने गोल फिरत नाही, आणि फायनल टॉर्क लावला की मार्करने रेघ. ही रेघ ओढणारा उमेदवार मला लगेच कळतो, त्याने कुठेतरी खरं काम केलेलं असतं.

टप्पा 4: बायोडाटा, एकच पान

फोटो, नाव, शिक्षण, ट्रेड, पासिंगचं वर्ष, राहण्याची जागा, फोन. त्याखाली तुम्ही हाताने काय केलंय ते. "मेहनती आणि प्रामाणिक" असं सगळेच लिहितात. त्याऐवजी लिहा: डीओएल आणि स्टार-डेल्टा पॅनल स्वतः वायर केलंय, ड्रॉइंग वाचता येतं, 2.5 पर्यंत क्रिम्पिंग केलंय, मल्टिमीटर आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वापरलाय. जे येत नाही ते लिहू नका. पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमचा कंट्रोलर) लिहिलंत तर पहिला प्रश्न पीएलसीचाच येणार, आणि मग एनपीएन आणि पीएनपी सेन्सरमधला फरक नाही सांगता आला की बाकीचं खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं.

शिफ्टची तयारी आहे का, स्वतःची गाडी आहे का, लगेच जॉइन करू शकता का, ही तीन उत्तरं शेवटच्या ओळीत द्या. एचआरवाला तेच शोधत असतो.

टप्पा 5: अर्ज कुठे, आणि कुठला आधी

माझं स्पष्ट मत आहे, फ्रेशरने पहिल्यांदा अप्रेंटिसशिपच धरावी. कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर म्हणून लागलात तर हातात दोन पैसे कदाचित जास्त येतील, पण वर्षभर नुसता माल उचलाल आणि शेवटी दाखवायला कागद नसेल. आयटीआयवाल्यांनी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची. अप्रेंटिसशिप संपली की शासनाची शेवटची ट्रेड टेस्ट पास होऊन एनएसी (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय सर्टिफिकेट) मिळतं, आणि ते पुढे सरकारी भरतीतही उपयोगी पडतं. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांचं पोर्टल वेगळं, नॅट्स (त्यांच्यासाठीची केंद्राची अप्रेंटिसशिप योजना), आपल्या भागासाठी त्याचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. पोरं इथेच घोळ घालतात, डिप्लोमावाला आयटीआयच्या पोर्टलवर जातो आणि महिनाभर वाट बघत बसतो.

त्यानंतर राज्याचं महास्वयंम पोर्टल, जिल्ह्याचे रोजगार मेळावे, आणि तुमच्या आयटीआयचा प्लेसमेंट बोर्ड. पास होऊन वर्ष झालं असलं तरी जुन्या सरांना फोन करा. छोट्या पॅनल शॉपवाल्यांना माणूस हवा असला की ते जाहिरात देत नाहीत, सरळ आयटीआयच्या सरांना फोन करतात. छोटं शॉप म्हणून नाक मुरडू नका, तिथे एका वर्षात एक पॅनल शीट मेटलपासून टेस्टिंगपर्यंत हाताखालून जातं, मोठ्या लाइनवर वर्षभर एकच स्टेशन मिळू शकतं.

सावधान: नोकरीसाठी कुणीही पैसे मागितले, मग ते फॉर्म फी म्हणून असो, युनिफॉर्म डिपॉझिट म्हणून असो की गेटपासचे, द्यायचे नाहीत. लेटरवर मोठ्या कंपनीचं नाव आणि मेल मात्र साध्या जीमेलवरून, असं असेल तर कंपनीच्या गेटवर किंवा ऑफिसच्या नंबरवर विचारून खात्री करा. मूळ मार्कशीट कुणाकडेही जमा ठेवायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची.

टप्पा 6: ट्रेड टेस्ट, टेबलावरचा क्रम

सेफ्टी शूज असतील तर घाला, नसतील तर पूर्ण बंद बूट, सँडलवर शॉपमध्ये सोडत नाहीत. अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात, केस लांब असतील तर बांधून, ओढणी असेल तर पिनअप किंवा काढून ठेवलेली.

सहसा डीओएल देतात, वेळ पाऊण तास ते तास. क्रम असा:

1. पहिली पाच मिनिटं काहीही उचलायचं नाही. ड्रॉइंग वाचा, पॉवर कुठली आणि कंट्रोल कुठली ते वेगळं करा, कंट्रोल व्होल्टेज किती आहे ते बघा.
2. दिलेला माल ड्रॉइंगशी ताडून बघा. कॉन्टॅक्टरच्या कॉईलवर छापलेलं व्होल्टेज वाचा. मी कधीकधी मुद्दाम 24 व्होल्टची कॉईल ठेवतो आणि ड्रॉइंगमध्ये 230 असतं. ज्याने विचारलं, "सर, ही कॉईल वेगळी आहे", त्याचे निम्मे मार्क तिथेच.
3. पुश बटनचे कॉन्टॅक्ट मीटरने तपासा, हिरवं एनओ (एरवी उघडं, दाबलं की जोडणारं), लाल एनसी. रंगावर विश्वास ठेवू नका.
4. मग पॉवर वायरिंग. एमसीबीतून कॉन्टॅक्टरच्या 1-3-5 ला (हे आणि पुढचे आकडे मालावर छापलेले टर्मिनल नंबर), 2-4-6 वरून ओव्हरलोडला, तिथून टर्मिनलला. अर्थ हिरवी-पिवळी, आणि ती विसरायची नाही.
5. मग कंट्रोल. फेज, कंट्रोल एमसीबी, ओव्हरलोडचा 95-96, स्टॉपचा एनसी, स्टार्टचा एनओ आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचा 13-14 होल्डिंगसाठी (बटन सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून राहावा म्हणून), मग ए1. ए2 न्यूट्रलला.
6. वायर कापायच्या आधी चॅनेलमधून तिचा मार्ग मोजा, वळणाला थोडी ढील ठेवा. फेरुल (वायरचा नंबर छापलेली छोटी नळी) आधी घाला आणि मग लग मारा. ही चूक रोज होते, लग मारल्यावर आठवतं की नंबरचा फेरुल राहिला, मग लग कापा आणि वायर आखूड पडते.
7. फेरुलचे नंबर सगळे एकाच दिशेने वाचता यायला हवेत.

मागच्या एका टेस्टला लातूरकडची एक मुलगी होती, वायरमन ट्रेडची. बाकीचे तिघं भराभर वायर ओढत होते आणि ही पेन्सिल घेऊन ड्रॉइंगवर बोट फिरवत बसलेली, मला वाटलं घाबरलीय. मग तिने सुरुवात केली, एक वायर झाली की ओढून बघायची आणि ड्रॉइंगवर त्या रेघेला टिक करायची, परत पुढची. सगळ्यात शेवटी संपवलं तिने, वेळ संपायला चार मिनिटं होती. पण सप्लाय दिला तेव्हा पहिल्या दाबात कॉन्टॅक्टर ओढला, बटन सोडल्यावर धरून राहिला, स्टॉपला सुटला. तिघांपैकी दोघांचा होल्डिंगच लागला नव्हता, बटन सोडलं की कॉन्टॅक्टर सोडतोय. कोणती वायर राहिली ते शोधायला त्यांच्याकडे टिक केलेलं ड्रॉइंग नव्हतं. ती मुलगी आज आमच्याकडे टेस्टिंगला आहे.

तपासा, सप्लायच्या आधी: सगळे स्क्रू परत एकदा फिरवा. इन्सुलेशन स्क्रूखाली दबलेलं नाही ना बघा, दबलं असेल तर वायर घट्ट वाटते पण कॉन्टॅक्ट होत नाही. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून कंट्रोलच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये लावा आणि स्टार्ट दाबा. कॉईलचा रेझिस्टन्स दिसायला हवा. शून्य आला तर शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर सर्किट कुठेतरी तुटलंय. फेज टू फेज आणि फेज टू अर्थ पण बघा. आणि हे करताना मला सांगा की मी आता सप्लायआधी तपासतोय, गप्प बसून करू नका, बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

सावधान: सप्लाय स्वतः चालू करायचा नाही, टेस्ट घेणाऱ्याला सांगायचं. आणि सप्लाय असताना पॅनलमध्ये हात घातला तर टेस्ट तिथेच संपते, काम कितीही सुंदर असो.

टप्पा 7: तोंडी प्रश्न

प्रश्न साधेच असतात. ओव्हरलोड आणि एमसीबीमध्ये काय फरक, मोटर गुणगुणतेय पण फिरत नाही तर काय बघाल, स्टार-डेल्टा का वापरतात. शेवटच्याचं उत्तर "करंट कमी करायला" एवढंच देतात. पूर्ण सांगा: स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी साधारण 240 व्होल्ट मिळतात, म्हणून लाइनमधून घेतला जाणारा स्टार्टिंग करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही तेवढाच खाली येतो, म्हणून जड लोडवर सुरू होणाऱ्या मशीनला तो चालत नाही.

येत नसेल तर "सर, हे मी केलेलं नाही" असं सरळ म्हणा. मराठीत उत्तर दिलं तरी चालतं, निदान आमच्याकडे कुणाचे मार्क त्यावरून कापले नाहीत. फक्त भागाचं नाव बरोबर घ्या.

टप्पा 8: ऑफर लेटर हातात आल्यावर

आनंदात सही करू नका, घरी न्या, एक रात्र ठेवा. काय बघायचं: तुम्ही कंपनीच्या रोलवर (कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर) आहात, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहात, का अप्रेंटिस आहात. लेटरहेड कुणाचं आहे त्यावरून कळतं. रोल किंवा कॉन्ट्रॅक्ट असेल तर पीएफ कापला जाणार, बेसिक आणि डीएच्या 12 टक्के, आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), त्यात तुमचे 0.75 टक्के जातात. अप्रेंटिसला हे दोन्ही नसतं कारण मिळतो तो पगार नसून विद्यावेतन असतं, त्यामुळे पीएफ नाही म्हणून घाबरू नका. पण अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर पोर्टलवर तुमचा कॉन्ट्रॅक्ट तयार झालाय का आणि त्यात ट्रेड तुमचाच आहे का हे स्वतः लॉगिन करून बघा. तोंडी "अप्रेंटिस" म्हणतात आणि पोर्टलवर नावच नसतं, मग वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येत नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाचं असं एक पूर्ण वर्ष गेलंय.

अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नसतं. म्हणून दहाव्या महिन्यापासूनच पुढचे अर्ज सुरू करा.

बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि सोडल्यास किती रक्कम ते वाचा. बस आणि कँटीनचे पैसे पगारातून कापतात का, ओव्हरटाइम कसा धरतात, हे एचआरला विचारायला लाजू नका, हे विचारलं म्हणून कुणी ऑफर परत घेत नाही.

टप्पा 9: पहिले तीन महिने

एक वही ठेवा खिशात. रोज कुठलं पॅनल, कुठली चूक झाली, रिवर्क का आलं ते लिहा. कंपनीचा वायर कलरचा स्टँडर्ड पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण कंट्रोलचे रंग शॉपगणिक बदलतात, एकीकडे डीसी निळ्यात ओढतात आणि दुसरीकडे ग्रेमध्ये. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक्सचं कार्ड) हाताळायची असेल तर ईएसडी रिस्ट बँड (अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा) लावल्याशिवाय हात लावायचा नाही, भले शेजारचा सीनियर लावत नसेल. मशीनवर काम करताना आयसोलेटरला तुमचं स्वतःचं कुलूप आणि टॅग, चावी तुमच्याच खिशात. "दोन मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हटलं तरीही.

पहिल्या महिन्याची स्लिप आली की नाव, यूएएन, ईएसआयसी नंबर आणि हजेरीचे दिवस आपल्या वहीशी ताडून बघा. अप्रेंटिसने स्लिपऐवजी खात्यात विद्यावेतन आलं का आणि पोर्टलवर त्या महिन्याची नोंद झाली का ते बघायचं. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी द्या आणि पोच घ्या.